दुसऱ्या प्रतीवरची सही

बुलढाण्यात सरकारी कचेऱ्यांना तोटा नाही, आणि कचेरी आली की अर्ज आलाच. मोठ्या कचेरीच्या कुंपणाबाहेर चार-पाच टेबलांवर लोकांना अर्ज लिहून मिळतात, त्यांतलं शेवटचं टेबल धम्मशीलाचं. बाकीच्यांनी संगणक आणले, छपाईची यंत्रं आणली. हिने पेन सोडलं नाही. बावीस वर्षं झाली. अक्षर टपोरं, भाषा कोरडी. लोक येतात ते रडत, भांडत, नाहीतर गोष्ट पार आजोबांपासून सुरू करत. ती दोन मिनिटं ऐकते आणि म्हणते, "तारीख सांगा." तारीख आठवता आठवता माणसाचं रडणं आपोआप थांबतं, हा तिचा अनुभव.

दुसरा नियम प्रतींचा. अर्ज एक, प्रती दोन. एक साहेबासाठी आणि दुसरीवर पोच, म्हणजे मिळाल्याची सही, शिक्का आणि तारीख. हा नियम तिने वडिलांकडून घेतला. वरवट बकालला तिचं माहेर. तिकडचं पाणी खारं. वस्तीला गोड्या पाण्याचा नळ मिळावा म्हणून वडिलांनी तीनदा अर्ज दिला आणि तिन्ही वेळा 'असा अर्जच आला नाही' हे ऐकून परत आले. चौथ्यांदा त्यांनी कार्बन घालून अर्ज लिहिला, कारकुनाची सही घेतली, आणि वर्षाच्या आत नळ आला. तेव्हापासून त्या घरात दोन प्रतींवाचून कागद निघाला नाही. धम्मशीलाही पोच न घेता परत आलेल्या माणसाला पुन्हा आत पिटाळते. "देल्ला म्हणता, पण देल्ल्याचा पुरावा काय?" कचेरीतले लोक तिला मागून पोचवाली बाई म्हणतात. त्यांना ती फारशी आवडत नाही, पण तिच्या टेबलावरून आलेला कागद ते गहाळ करत नाहीत.

अशा बाईने स्वतःच्या गळ्यातली गाठ चौदा महिने तोंडी उत्तरावर सांभाळली. हे आठवलं की तिला अजून स्वतःचा राग येतो.

थायरॉईड तिला आठ वर्षांपासून. अंग जड पडायचं, केस गळायचे, भर उन्हाळ्यात पाय गार व्हायचे. नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळी लिहून दिली, "ही आता जन्मभर" म्हणाले. पन्नासची गोळी पंचाहत्तर झाली, मग शंभर झाली. टेबल मांडून झालं की समोरच्या टपरीवरच्या पहिल्या चहाबरोबर ती गोळी घ्यायची. गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर आणि चहाच्या बऱ्याच आधी घ्यायची असते, हे तिला आठ वर्षांत कोणी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. दवाखान्यात बोलायचं काम नवऱ्याचं, असं न ठरवताच ठरून गेलं होतं.

नवरा सहदेव. एस.टी.च्या कार्यशाळेत मेकॅनिक. माणूस प्रेमळ, आणि प्रेमापोटीच बायकोच्या वाटचं बोलणारा. डॉक्टरांनी "काय होतंय?" विचारलं की तो सांगायचा, "झोपते लय, साहेब. चिडचिड करते." धम्मशीला शेजारी मांडीवर पर्स घेऊन बसलेली असायची. दिवसभर दुसऱ्यांची गाऱ्हाणी ऐकून आणि लिहून थकलेल्या बाईला आपल्या वतीने कोणी बोललं तर बरंच वाटायचं. तेही खरं.

गाठ पहिल्यांदा दिसली ती विमलबाईंना. मोताळ्याकडच्या एका खेड्यातल्या या म्हातारबाई, शेताच्या रस्त्याचं भांडण घेऊन आल्या होत्या. धम्मशीला लिहिता लिहिता पाणी प्यायली, तशा त्या तिच्या गळ्याकडे बोट करून म्हणाल्या, "बाई, तुह्या गळ्यात सुपारी अडकली काय व? पाणी पेली की वर-खाली होते."

घरी आरशासमोर तिने दोन घोट पाणी पिऊन पाहिलं. सुपारी खरंच वर-खाली होत होती.

डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "थायरॉईडमध्ये गळा थोडा येतोच. गोळी चालू ठेवा." सहदेव म्हणाला, "हाव साहेब." चार महिन्यांनी पुन्हा तेच, आणि त्यानंतर पुन्हा तेच. खोटं कशाला बोला, त्या उत्तराने धम्मशीलाला सुटल्यासारखं व्हायचं. तिला भीती वाटत होती, आणि भिणाऱ्या माणसाला तोंडी उत्तर लगेच पटतं.

चौदा महिन्यांनी विमलबाई पुन्हा उगवल्या. रस्त्याचं काम जागचं हललं नव्हतं. त्यांनी अर्ज दिला होता, पण पोच घेतली नव्हती. "करतो म्हणे" एवढ्या शब्दावर त्या घरी जाऊन बसल्या होत्या. धम्मशीलाने त्यांना चांगलं फैलावर घेतलं. "चौदा महिने तोंडी उत्तरावर बसल्या तुमी? काऊन? तुमाले सांगतलं होतं ना म्या, सही घेतल्याबिगर उठायचं नाही म्हणून?"

विमलबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पदराने घाम पुसत विचारलं, "अन् तुह्या सुपारीचं काय झालं?"

"डॉक्टर म्हणते काही नाही."

"लिहून देल्लं काय त्यानं?"

धम्मशीलाने पेनाचं टोपण लावलं. त्या दिवशी तिने पुढचा एकच अर्ज लिहिला, आणि तो स्वतःचा होता.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांकडे एकटी गेली. सहदेवला सांगितलंही नाही. कागदावर नेहमीसारखा वर विषय होता: गळ्यातील गाठीची तपासणी होणेबाबत. खाली तीन भेटींच्या तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे मिळालेलं उत्तर.

"हे काय, अर्ज आणलात?" डॉक्टर हसले.

"हाव. दोन प्रती आहेत. एक तर गाठ तपासा. नाहीतर तपासणीची गरज नाही असं दुसऱ्या प्रतीवर लिहून द्या, सही करून."

डॉक्टरांचं हसू तिसऱ्या तारखेपर्यंत टिकलं नाही. ते उठले, तिच्या मागे उभे राहिले आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी तिच्या गळ्याला हात लावून पाहिलं. बोटं एका जागी थांबली. मग ते टेबलाशी आले आणि सोनोग्राफी लिहून दिली. गोळी कशी घेता हेही त्यांनी त्याच दिवशी विचारलं, आणि चहाचं ऐकून कपाळाला हात लावला.

सोनोग्राफी बुलढाण्यात झाली. सुई टोचून गाठीतलं पाणी तपासायचं ते अकोल्याला. आता तिचा धाकटा भाऊ प्रसेनजित मध्ये पडला. तो खामगावला कॉलेजात शिकवतो, त्याची अकोल्यात ओळख होती. "ताई, तू फक्त आराम कर. बाकी मी पाहतो," म्हणाला, आणि खरंच सगळं पाहिलं. रिपोर्टही त्यानेच आणला, त्यानेच उघडला. मग तो आणि सहदेव दोघांनी मिळून तिला सांगितलं की गाठ साधी आहे, पण काढलेली बरी.

त्यानंतर घर मऊ झालं. सहदेव न सांगता पाण्याचा तांब्या आणून द्यायला लागला. भाजीत मीठ जास्त पडलं तरी गप्प जेवायला लागला. प्रसेनजित रोज फोन करून "जेवली का?" विचारायचा. बावीस वर्षं लोकांच्या लपवाछपवीतून खरी गोष्ट शोधून कागदावर उतरवणाऱ्या बाईला हे कळत नव्हतं असं नाही. ती विचारत नव्हती, कारण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

अकोल्याच्या दवाखान्यात भरती झाली त्या दिवशी सिस्टर संमतीचा कागद घेऊन आली आणि पेन सरळ सहदेवच्या हातात दिलं. "इथे नातेवाईकाची सही."

धम्मशीलाने कागद ओढून घेतला.

"तू कायले वाचत बसते? म्या करतो ना सही," सहदेव म्हणाला.

न वाचता सही करू नका, हे तिने आजवर हजार माणसांना सांगितलं असेल. कागद इंग्रजीत होता. कचेरीपुरतं इंग्रजी तिला येतं. दुसऱ्या ओळीत कार्सिनोमा हा शब्द होता. आजारपणाच्या मदतीच्या अर्जांत तिने तो लिहिला होता, म्हणजे कॅन्सर. तिने ती ओळ दोनदा वाचली. प्रसेनजित खिडकीबाहेर पाहायला लागला.

"हे कधी समजलं?" तिने विचारलं.

"ताई, तुले टेन्शन येईन म्हणून आमी..."

"तारीख सांग."

"सतरा तारखेले," प्रसेनजित म्हणाला. म्हणजे तेवीस दिवस झाले होते.

तिला आधी भीती वाटायला हवी होती. आला तो संताप. पण आवाज तिने चढवला नाही. कचेरीच्या दारात आयुष्य काढलेली बाई आरडाओरड्याचा किती उपयोग होतो ते जाणून असते. "माह्या नावचा कागद तुमी आणला, तुमीच वाचला अन् तुमीच दाबला," ती म्हणाली. "माणसाच्या जागी वारस कधी सही करते? माणूस गेल्यावर. मी बसली ना इथं? अर्जदार हयात आहे अजून."

सहदेवने पेन तिच्या पलंगावर ठेवलं. तेवीस दिवस ओझं वाहिलेल्या माणसाचा चेहरा झाला होता त्याचा, आणि तिला त्याची दयाही आली. पण तिने ती त्या वेळी बोलून दाखवली नाही.

"मोठ्या डॉक्टरांना बोलवा," तिने सिस्टरला सांगितलं. "माह्याशी बोलल्यावर सही करीन."

सर्जन संध्याकाळी आले. तिने वही उघडून ठेवली होती. अर्धी ग्रंथी काढणार की पूर्ण? पूर्ण, कारण शेजारच्या एका गाठीतही शिरकाव आहे. बरी होणार का? या जातीचा कॅन्सर वेळेत काढला तर बहुतेक बरा होतो. पुढे काय? काही महिन्यांनी आयोडीनचा एक खास डोस, आणि गोळी जन्मभर. आवाज? आवाजाची नस तिथूनच जाते. काही दिवस बसेल, क्वचित कायमचा बदलतो. शेवटी सर्जननी आपणहून एक गोष्ट सांगितली. थायरॉईडच्या मागे चार बारीक ग्रंथी असतात, त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. ऑपरेशननंतर त्या सुस्तावू शकतात. "ओठ बधिर झाले, बोटांना मुंग्या आल्या तर लगेच कळवायचं. अंगावर काढायचं नाही. ते जिवावर बेतू शकतं."

"कोणाले कळवायचं?"

"ड्युटीवर जी सिस्टर असेल तिला."

हेही तिने लिहून घेतलं. मग संमतीच्या कागदावर स्वतःची सही केली, आणि सवयीने तारखेखाली वेळ टाकली.

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर तिने सहदेवला हाक मारायला तोंड उघडलं तर नुसती हवा निघाली. बोलू नका, विश्रांती द्या, असं सगळे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे ओठ बधिर झाले. तिने ओठांवर बोट ठेवून सहदेवला खूण केली. सहदेव लगबगीने वॉर्डाच्या तोंडाशी असलेल्या टेबलापर्यंत गेला. पलंगावरून तिला ते टेबल सरळ दिसत होतं. सिस्टर एकटी, भोवती पाच नातेवाईक, फोन वाजत होता. सहदेव परत आला. "अशक्तपणा हाय म्हणते. घाबरल्या असतीन म्हणते. पडून राह्य उगीमुगी."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. हातांना मुंग्या आल्या. सहदेव पुन्हा गेला, पुन्हा तेच उत्तर घेऊन आला आणि तिच्या कपाळावर हात ठेवून बसला. भला माणूस, मायेने तळवा फिरवत होता. तिच्या उजव्या हाताची बोटं हळूहळू आत वळायला लागली होती. ओरडावं तर आवाज नाही, उठावं तर नळ्या. तिला त्या वेळी मरणाची भीती वाटली, साधी आणि सरळ.

तिने पर्सकडे मान हलवली. तिच्या पर्समध्ये कोरे कागद आणि कार्बन नेहमी असतात. लग्नाला गेली तरी असतात. सहदेवने पाठीला उशी दिली, वही टेकायला धरली. तिने लिहिलं:

'प्रति, ड्युटीवरील सिस्टर. विषय: ऑपरेशननंतर मुंग्या येणेबाबत. दु. २.१० ओठ बधिर. २.३५ दोन्ही हातांना मुंग्या. ३.०५ उजव्या हाताची बोटे आत वळतात. ही लक्षणे लगेच कळवावीत असे मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सांगितले आहे. तरी त्यांना ताबडतोब कळवून रक्तातील कॅल्शियम तपासावे.'

शेवटची ओळ तिला मूठ करून, पेन मुठीत धरून लिहावी लागली. तिचं टपोरं अक्षर पार खाली घसरलं होतं. सहदेवने ते अक्षर पाहिलं आणि त्याचा रंग उडाला. तिने खालच्या प्रतीवर डाव्या हाताने दोनदा टकटक केलं. त्याला कळलं. इतकी वर्षं बायकोचं ऐकून त्याला एवढं तर पाठ होतं.

सिस्टर म्हणाली असावी, ठेवा इथे. कारण सहदेवने वरची प्रत ठेवली, पण तो हलला नाही. खालची प्रत त्याने तिच्यापुढे सरकवली. त्याचा आवाज वॉर्डभर ऐकू आला. "यावर सही पायजे, बाई. मिळालं म्हणून. अन् वेळ टाका."

सिस्टर वैतागली. पण पेन उचललं. आणि ज्यावर आपली सही पडणार तो कागद माणूस वाचतो. ती वाचायला लागली. तिसऱ्या वेळेपाशी आली, तेव्हा तिने मान वर करून पलंगाकडे पाहिलं. मग पेन खाली ठेवलं आणि फोन उचलला.

डॉक्टर धावतच आले. कानापुढे गालावर त्यांनी बोटाने टिचकी मारली, तसा तिचा ओठ आपोआप उडाला, म्हणजे कॅल्शियम उतरल्याची खूण. पुढचं सगळं भराभर झालं. रक्त गेलं, हाताच्या नळीतून कॅल्शियम थेंब थेंब सोडलं, छातीला यंत्राच्या तारा लावल्या. थोड्या वेळाने तिची बोटं एकेक करून उघडली. सहदेव ती बोटं धरून बसला होता, आणि उघडली तरी त्याने सोडली नाहीत.

संध्याकाळी ड्युटी संपवून जाताना ती सिस्टर पलंगापाशी आली. पोरगी तिशीच्या आतली, दिवसभराने थकलेली. खालची प्रत तिच्या हातात होती. कोणी न मागता तिने त्यावर सही केली आणि वेळ टाकली, ३.२०. "मी आधीच यायला पाहिजे होतं," ती म्हणाली. धम्मशीलाने मान हलवली. राग धरावा असं त्या पोरीत काही नव्हतं. प्रत मात्र तिने घडी करून पर्समध्ये ठेवली.

आयोडीनचा डोस नागपूरला झाला. त्याआधी महिनाभर गोळी बंद, आणि दोन आठवडे आयोडीन नसलेलं मीठ. काय खायचं, काय नाही, याची यादी तिने डॉक्टरांकडून लिहून घेतली, आणि सहदेवने तसलं मीठ शोधण्यासाठी खामगावची अर्धी बाजारपेठ पालथी घातली. डोस दिल्यावर अंगातून किरणं बाहेर पडतात, म्हणून तीन दिवस ती खोलीत एकटी. जेवण दाराशी ठेवून माणूस निघून जायचा. तीन दिवस कोणी तिच्या वतीने बोलायला नव्हतं, आणि तिला बोलायलाही कोणी नव्हतं. ती भरपूर झोपली. आवाज हळूहळू परत आला, पण अर्धाच. घोगरा, खालचा. आता तिच्या टेबलाशी बसलेल्यांना पुढे वाकून ऐकावं लागतं. ते वाकतात.

सहा महिन्यांनी अकोल्याला पुन्हा तपासणी होती. डॉक्टर नवे होते, पण सवय जुनीच. त्यांनी सहदेवला विचारलं, "काय, कशी आहे यांची तब्येत?"

सहदेव खुर्चीत सावरून बसला. "अर्जदार हजर आहे, साहेब. तिलेच विचारा."

डॉक्टर पुढे वाकले आणि धम्मशीलाने आपल्या घोगऱ्या आवाजात वहीतलं एकेक सांगितलं.

रक्ताचा रिपोर्ट दुपारनंतर मिळणार होता. ती स्टँडवर बाकावर बसली आणि सहदेव आणायला गेला. आला तेव्हा पाकीट त्याने दोन्ही हातांत धरलं होतं, चिकटवलेलं होतं तसंच. "उघडलं नाही म्या," तो म्हणाला.

तिने पाकीट फाडलं. ती वाचत होती तेवढा वेळ सहदेव समोरच्या गाडीच्या मागच्या चाकाकडे बघत राहिला, जणू त्यात काही बिघाड होता. विचारायचं नाही, एवढं तो शिकला होता. ते शिकणं त्याला किती जड जात होतं ते तिला दिसत होतं.

"काही नाही निघालं," ती म्हणाली. "गोळी चालू. सहा महिन्यांनी पुन्हा." आणि कागद त्याच्या हातात दिला.

त्याला इंग्रजी जेमतेम येतं. तरी त्याने कागद वरपासून खालपर्यंत वाचला, आणि मग भर स्टँडवर, चार माणसांसमोर, त्याला रडू कोसळलं. तेवीस दिवसांचं आणि त्यानंतरचंही सगळं एकदमच आलं असावं. धम्मशीलाने दोन मिनिटं वाट पाहिली.

"आज तारीख काय?" तिने विचारलं.

"अकरा," तो कसाबसा म्हणाला.

"महिना?"

त्याने नाक ओढून महिना सांगितला, मग साल सांगितलं. तिने ते पाकिटावर लिहून घेतलं. तोवर त्याचं रडणं थांबलं होतं, आणि बुलढाण्याची गाडी फलाटाला लागत होती.